मुकी गाठ

काचेखालच्या फटीतून म्हाताऱ्याने हात आत घातला तेव्हा तिचं लक्ष हाताकडे नव्हतंच. बारा वाजायला आले होते, रांग पार दरवाज्याबाहेर गेली होती, आणि इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीमागे बसून ती "एक सकाळी, एक संध्याकाळी, जेवल्यावर" हे रोजचं पाठ म्हणत गोळ्यांच्या पट्ट्या पाकिटात सरकवत होती. म्हाताऱ्याच्या शर्टाची बाही वर गेली. मनगटाच्या वर जांभळे-हिरवे डाग होते, कुठे आपटल्यासारखे, आणि त्या डागांना लागून काळ्या दोऱ्यात बांधलेली पेराएवढी कापडी पुरचुंडी. पुरचुंडीच्या तोंडावर गाठ होती, पण दोऱ्याची टोकं कुठेच दिसत नव्हती. तीन वेढे, तेही उलटे, डावीकडून उजवीकडे, आणि दोन्ही शेपट्या आत गिळलेल्या. तिच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. या गाठीला आई मुकी गाठ म्हणायची. आई डावखुरी होती, म्हणून वेढे उलटे. आणि आईला जाऊन अकरा महिने झाले होते. पुरचुंडीचं कापड मात्र कोरं करकरीत होतं, त्यावरची खळसुद्धा अजून गेली नव्हती.

"हे कुणी दिलं, आजोबा?"

"हे होय?" म्हातारा ओशाळं हसला. हात मागे घ्यावा की नाही ते त्याला कळेना. "आहे एक बाई. इस्त्रीवाल्याच्या माडीवर बसते. छातीत धडधडायचं ना फार, म्हणून. काढापण देते. लसणीचा. तिखटजाळ, पण हुशारी वाटते."

"काढा घेता? या गोळ्या चालू असताना?"

"रोज दोनदा. का हो?"

त्या गोळ्या रक्त पातळ ठेवायच्या होत्या. तिने डागांकडे पाहिलं आणि ते कशाचे ते तिला कळलं. काढा आजपासून बंद, एक थेंबही नाही, आणि आत्ताच्या आत्ता वर जाऊन डॉक्टरांना हात दाखवा, असं तिने इतक्या कडक आवाजात सांगितलं की मागची माणसं दचकून रांगेत सरळ झाली. शेजारच्या खिडकीतला सहकारी म्हणाला, "काय झालं मॅडम, पांढऱ्याफटक पडलात." ती काही नाही म्हणाली. पुढची चिठ्ठी घेतली. पण बोटांना पट्ट्या मोजता येईनात. दहाच्या नऊ भरत होत्या, मग अकरा.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती कोठाराच्या मागे खोक्यांवर बसून राहिली. तिथे कोरड्या पुठ्ठ्याचा आणि स्पिरिटचा वास असे, आणि तोच तिला आवडे, कारण त्याला मागचं पुढचं काही नव्हतं. आईच्या खोलीचा वास तसा नव्हता. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची ती एकच खोली, आडव्या दोऱ्या बांधलेली, आणि दोऱ्यांवर उलट्या टांगलेल्या पुदिन्याच्या, बडीशेपेच्या, नाव नसलेल्या रानगवतांच्या जुड्या. शाळेतून आलं की आधी डोकं वाकवायचं, मग आत शिरायचं. टेबलावर चिंध्या, मेण, सुया, रिकाम्या बरण्या. बायका येत, दार लोटून घेत आणि बोलत. कुणाचं पोर बोलत नाही, कुणाला झोप नाही, कुणाचा नवरा घरात असून नसल्यासारखा. आई ऐकत ऐकत कापड कापायची. एखादीच्या हातात सुई द्यायची, "घे, तूच शिव," म्हणायची, आणि ती बाई शिवता शिवता असं काही बोलून जायची की ती स्वतःच चपापायची. मग आई वरून वाळलेली पानं भरायची, दोन लवंगा, कधी नुसतं मीठ, आणि मुकी गाठ मारायची. लोक आईला गाठवाली म्हणत, ते समोर. मागे चेटकीण म्हणत. शाळेत मुली तिच्या डब्यातलं खात नसत. एकीने तर तिच्या खोडरबरालाही हात लावला नव्हता. "म्हणू दे की," आई हसायची. "ज्या घरात मला चेटकीण म्हणतात ना, त्याच घरचं पोर खोकायला लागलं की माझा जिना चढतं." आईला त्यात गंमत वाटे. मुलीला वाटत नसे. तिला गणित आवडू लागलं, मग रसायनशास्त्र. जे मोजता येतं, ज्यावर छापील चिठ्ठी असते, जे उद्याही आजच्यासारखंच वागतं ते सगळं.

पण हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण तिने कुणालाच, नवऱ्यालासुद्धा, तो सोडून जाण्याआधीच्या त्या बऱ्या दिवसांतही सांगितलं नव्हतं. ती नऊ वर्षांची होती. वडील बारा दिवस तापाने पडून होते. पडद्यापलीकडून त्यांचा श्वास करवतीसारखा यायचा. त्या बारा दिवसांत घरात मोठ्याने बोलायचं नाही, पळायचं नाही, मैत्रिणीला आणायचं नाही, भांडं आपटायचं नाही. तेराव्या दिवशी दुपारी आईने वडिलांच्याच जुन्या सदऱ्याचा तुकडा कापला, पुरचुंडी केली आणि दोरा तिच्या हातात दिला. "शेवटची गाठ घरच्या माणसाने मारायची. मनात एकच गोष्ट धर आणि मार." तिने दोरा धरला. आईने शिकवलेले तीन वेढे घातले. आणि तिसरा वेढा आवळताना, मनात धरायची गोष्ट बाजूला सरली आणि दुसरीच मनात येऊन बसली: संपू दे एकदाचं हे. संपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पडद्यापलीकडचा करवतीचा आवाज थांबला आणि घरात मोठ्याने बोलायला मोकळीक झाली. शेजारच्या बायका आईला धरून बसल्या होत्या, आणि ती कोपऱ्यात उभी राहून आपल्या बोटांकडे पाहत होती. ती कुणालाही दाखवता येण्यासारखी साधी, मळकी बोटं होती. त्यानंतर तिने आईच्या टेबलावरचा दोरा कधी उचलला नाही. बुटाची नाडीसुद्धा ती पुढे कित्येक वर्षं नुसती आत खोचून चालायची.

सुट्टी संपताच तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्या माडीवरच्या बाईला चांगलं फैलावर घ्यायचं, पुन्हा असं केलंस तर तक्रार करीन म्हणून बजावायचं, एवढंच तिने मनाशी ठरवलं होतं. हे तिचं कामच होतं. गोळ्या, काढा, डाग. पण चालताना डोळ्यांपुढे डाग येत नव्हते, कोऱ्या कापडावरची ती गाठ येत होती. आईने ती दुसऱ्या कुणाला शिकवलेली नव्हती. "शिकायचं तर तू शीक, नाहीतर माझ्याबरोबर जाऊ दे," असं आई म्हणाली होती, तेही एकदाच, आणि तिने उत्तर दिलं नव्हतं. आईचे हात थरथरायला लागल्यावर तिने छत्रीवाल्याच्या वरची ती खोली सोडायला लावली आणि आईला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छ, पांढऱ्या घरात आणलं. आणायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने बरण्या रिकाम्या केल्या. जुड्या तोडल्या. "आई, माझ्या घरात हे काही चालणार नाही. आधीच सांगते." आई म्हणाली, "बरं." एवढंच. तिला भांडण हवं होतं. भांडण झालं असतं तर कदाचित एखादी बरणी राहिली असती. पुढे चार वर्षं आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिली, मांडीवर पालथे हात ठेवून, दवाखान्यात आपला नंबर कधी लागेल म्हणून थांबलेल्या माणसासारखी. दिवसभर सोबतीला एक बाई ठेवली होती. आई तिला सोबतीण म्हणायची, मग सगळेच म्हणू लागले. ती संध्याकाळी घरी आली की सोबतीण पदर खोचून, भांडी पुसून, सगळं जागच्या जागी ठेवून निघायच्या तयारीत असे. घर चकाचक. फरशीवर चिंधीसुद्धा नसे. कधीकधी घरात पुदिन्याचा वास येई. सोबतीण म्हणे, "आजींना चहात लागतो." ती मान डोलवी.

इस्त्रीवाल्याचं दुकान सापडलं. बाजूने लाकडी जिना होता. जिन्यातच तिला वास आला आणि शेवटच्या पायरीवर नकळत तिने डोकं वाकवलं. आत तशाच आडव्या दोऱ्या होत्या. टेबलाशी पाठमोरी बसलेली बाई वळली, आणि हातातली कात्री हळूच खाली ठेवून उभी राहिली. सोबतीण होती.

"ताई," ती म्हणाली.

"तू?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं. "कधी शिकलीस?"

"तुम्ही कामाला गेलात की. रोज दुपारी. आजींचे हात चालत नव्हते ना, मग त्या सांगायच्या आणि मी करायचे. तुमच्या ओट्यावर." सोबतिणीने पदराने कपाळ पुसलं. "तुम्ही यायच्या आधी सगळं आवरायचो. एकदा तुम्ही लवकर आलात, तर आजी कात्रीवरच बसल्या. उठेचनात. तुम्ही विचारलंत, पाय दुखतात का, तेल लावू का. तुम्ही न्हाणीघरात गेलात तेव्हा किती हसल्या!"

तिला ती संध्याकाळ आठवली. तेल लावू का, असं विचारल्याचं आठवलं, आणि आईच्या चेहऱ्यावर काहीतरी लपवलेलं होतं तेही. तिला ते दुखणं वाटलं होतं. आपल्याच घरात, आपल्याच ओट्यावर, दुपार दुपार आई हसत होती आणि आपण तिला गप्प बसणारी म्हातारी समजत होतो. एखाद्याने बरणी कडेकडेने बघावी आणि झाकणच उघडू नये, तसं. मग तिला आठवलं की ती रागवायला आली आहे, आणि त्या रागाचा तिला आधार वाटला.

"त्या आजोबांना लसणीचा काढा देतेस. ते रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात. हात बघितलेस त्यांचे? आत कुठे रक्तस्राव झाला असता म्हणजे? मनगटाला चिंधी बांधून थांबणार होतं?"

सोबतिणीने टेबलावरची काढ्याची बाटली मागे सारली. तिने तोंडावर हात ठेवला. "मला नव्हतं माहीत. देवाशप्पथ, ताई. गोळ्या घेतात म्हणाले, कसल्या ते मी..." ती थांबली. "आजी बजावायच्या. कुणी इस्पितळातल्या गोळ्या घेत असेल तर पोटात जाईल असं काही विचारल्याशिवाय द्यायचं नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे?"

"आजी म्हणायच्या, माझ्या मुलीला विचारायचं. अर्धी विद्या माझ्याकडे आहे, अर्धी तिने शिकून घेतली आहे." सोबतिणीने मान वर केली नाही. "तुम्हाला कसं विचारणार होते मी, ताई?"

खाली इस्त्रीवाल्याने कपड्यावर पाणी शिंपडलं असावं. चर्रकन आवाज आला. ती भिंतीला टेकली. अर्धी. पदवीच्या दिवशी आई सभागृहात सगळ्यांत मागे बसली होती, कारण तिनेच आईला पुढे बसू नकोस म्हणून सांगितलं होतं. कागद हातात घेऊन आईने त्याचा वासही घेऊन पाहिला होता. सगळे बघताहेत म्हणून तिने तो आईच्या हातातून काढून घेतला होता. तेव्हापासून आई, मनाशीच, अर्धा हिस्सा तिच्या नावाने बाजूला ठेवत आली होती.

"आणि या पुरचुंड्या?" तिचा आवाज आता कडक राहिला नव्हता. "याने बरं वाटतं असं सांगतेस लोकांना?"

"नाही हो. मी काहीच सांगत नाही. आजींनी पहिल्या दिवशीच शिकवलं, आधी आजाऱ्याकडे बघायचं नाही, त्याच्या घरच्यांकडे बघायचं. कुणाचे हात रिकामे आहेत ते." सोबतीण टेबलावरच्या चिंध्यांची चळत उगाच सारखी करत राहिली. "तुमच्या वडिलांचंच सांगायच्या. डॉक्टर म्हणाला होता, दोनचार दिवसांचा प्रश्न आहे. आजींना कळलंच होतं. तुम्ही लहान होतात. पडद्याशी उभ्या राहून नखं कुरतडत होतात, म्हणे, बोटांतून रक्त येईपर्यंत. कुणी तुमच्याकडे बघत नव्हतं. म्हणून त्यांनी पुरचुंडी केली. आत नुसता कापूस होता, ताई. औषध नाही, पान नाही. ती वडिलांसाठी नव्हतीच. पोरीच्या हातांना काहीतरी द्यायचं होतं, म्हणायच्या."

ती खाली फरशीवर बसली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्रेचाळीस वर्षं तिने जे उचलून धरलं होतं तो कापूस होता. पण हलकं काहीच झालं नाही. उलट आता ते कुठे ठेवावं हेच समजेना. मग तिला आईचाच राग आला, लहान मुलीला यावा तसा, पाय आपटावेत असा. एका वाक्याचं काम होतं. का नाही म्हणाली? आणि राग पुरता वर यायच्या आत तिला स्वयंपाकघरातला नळ दिसला. "तुझे वडील गेले ना, तेव्हा..." असं आई खुर्चीतून म्हणायला लागायची, आणि ती उठून नळ सोडायची. भांडं नसलं तर हात धुवायची. एकदा नव्हे. चार वर्षांत पाच वेळा तरी, सहा वेळा. पाण्याच्या आवाजात आई पुढचं बोलत नसे. कुणाला कधी काय सांगायचं हे जन्मभर ओळखत आलेली ती बाई नळ बंद व्हायची वाट बघत बसायची, आणि तो बंद झाला की म्हणायची, "चहा टाकतेस का गं?"

सोबतिणीने पाणी आणून दिलं. ते तिने हातातच धरून ठेवलं.

"शेवटच्या दिवसांत," ती म्हणाली. हे बोलायचं ती ठरवून आली नव्हती. "ती चादरीचे काठ ओढायची, आठवतं? सारखी बोटं चालायची. चिमटीत धरायची, वळवायची, सोडायची, पुन्हा धरायची. जाणारी माणसं असं करतात. पुस्तकात आहे. मला वाटलं, तिला त्रास होतोय. मी डॉक्टरांकडून गुंगीचं औषध लिहून आणलं."

सोबतिणीने एक चिंधी उचलून मांडीवर सरळ केली.

"त्रास होत होता का तिला? का ती..."

"मला नाही माहीत, ताई." सोबतिणीने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "मलाही वाटलं होतं, बांधताहेत. डावीकडून वळवत होत्या. पण तसंही असेल, तुम्ही म्हणता तसं. माणूस जाताना काय करतं ते जाणाऱ्यालाच ठाऊक."

"मी थांबवले ते हात."

"चमचा माझ्या हातात होता." सोबतीण म्हणाली. "थेंब तुम्ही मोजलेत, पाजलं मी. तोंड उघडा म्हटलं तर लगेच उघडलं त्यांनी. मी घरी गेल्यावर चार दिवस जेवले नाही. कुणाला सांगणार? तुम्हाला?"

असं दुसऱ्यांदा तिने विचारलं होतं, आणि तक्रार या वेळीही नव्हती. अकरा महिने ही बाई आपल्याएवढंच घेऊन फिरत होती, आणि आपण तिचा महिन्याचा पगार देऊन, वर एक साडी देऊन, दार लावून घेतलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं. ती काहीतरी बोलणार होती. त्याऐवजी तिने पर्स उघडली, इस्पितळाचा कोरा कागद काढला आणि टेबलाच्या कडेला चिंध्या सारून लिहायला बसली. कुठल्या गोळ्यांबरोबर लसूण नाही, आलं नाही. कुठल्या गोळ्या चालू असतील तर काहीच द्यायचं नाही, सरळ खिडकीवर पाठवायचं. हृदयाच्या, साखरेच्या, फिट्सच्या. अक्षर नेहमीपेक्षा मोठं काढलं, सोबतिणीला वाचता यावं म्हणून. "गर्भार बाईला?" सोबतिणीने विचारलं. "गर्भार बाईला पुदिनासुद्धा मला विचारल्याशिवाय नाही." "आजी चिमूटभर द्यायच्या." "ती चिमूट तिची होती. तू विचारायचंस." सोबतिणीने मान डोलावली. दोघींच्या मधे कागद होता, तोवर बरं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. जड, मधे मधे थांबणारी. दारात एक लठ्ठशी वयस्कर बाई आली, धापा टाकत, हातात फळांची पिशवी. तिने आधी सोबतिणीकडे पाहिलं, मग लिहीत बसलेल्या तिच्याकडे, मग टांगलेल्या जुड्यांकडे, आणि तिचा चेहरा खुलला.

"सापडलं बाई एकदाचं! छत्रीवाल्याने सांगितलं इकडे म्हणून. आम्ही गाव सोडून गेलो होतो, सहा वर्षं झाली. आजी आहेत ना? माझा नातू बोलायला लागला म्हणावं. आता तोंड बंद करत नाही मेला."

सोबतिणीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने ताईंकडे पाहिलं. हे सांगायचं काम सोबतिणीचं नव्हतं.

ती लिहिणं सोडून उभी राहिली. अकरा महिन्यांत हे वाक्य तिने म्हटलेलंच नव्हतं. इस्पितळात 'घरगुती कारण' असं लिहिलं होतं, शेजारी सगळ्यांना आधीच माहीत होतं, दूरच्यांना कळवलं ते सहकाऱ्याने. तिला वाटलं, आवाज येईल न येईल. आला.

"नाहीत. मागच्या वर्षी गेली. माझी आई."

बाईच्या हातातली पिशवी खाली आली. तिने दाराची चौकट धरली, आणि कुणाचीही लाजशरम न बाळगता, उंबऱ्यातच, वरच्या पायरीवर बसून ती रडायला लागली, मोठ्याने, घरचं माणूस गेल्यासारखी. "आणि मी फळं घेऊन आले," ती म्हणत होती, "बघा ना, मी फळं घेऊन आले." खालून इस्त्रीवाला "काय झालं?" म्हणून ओरडला. ती बाईच्या मागे उभी होती, हात कुठे ठेवावेत हे न कळून. मग एक हात तिने त्या अनोळखी, रुंद, हलणाऱ्या पाठीवर ठेवला.

बाईने पदराने डोळे पुसले आणि मान वळवून वर पाहिलं.

"तुझी आई म्हणालीस?"

"हो."

"अगं मग तू उभी का?" बाई त्या अरुंद पायरीवर भिंतीकडे सरकली. "इकडे ये. बस."